प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल परीक्षा

प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल (संक्षेप: पीएमपी) हे प्रकल्प व्यवस्थापनाच्या क्षेत्रातील एक आंतरराष्ट्रीय व्यावसायिक प्रमाणपत्र आहे. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट (पीएमआय) ही संस्था त्यासाठी परीक्षा घेते. ही पदवी नाही आणि नोकरीसाठीची स्पर्धा परीक्षाही नाही. प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा अनुभव असलेल्या व्यक्तीलाच या परीक्षेला बसता येते. त्यामुळे तिची तयारी बहुधा नोकरी आणि संसार सांभाळून करावी लागते. मुंबई महानगर प्रदेशातील ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांतून माहिती तंत्रज्ञान, बँकिंग, बांधकाम व अभियांत्रिकी क्षेत्रांत काम करणारे अनेक जण ही परीक्षा देतात.

## इतिहास

पीएमआयची स्थापना १९६९ मध्ये झाली. संस्थेचे मुख्यालय पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे. पीएमपीची पहिली परीक्षा १९८४ मध्ये घेण्यात आली. प्रकल्प व्यवस्थापनाचे ज्ञान एकत्र मांडणाऱ्या 'पीएमबीओके मार्गदर्शिका' या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत ५ प्रक्रियागट, १० ज्ञानक्षेत्रे आणि ४९ प्रक्रिया अशी मांडणी होती. २०२१ च्या सातव्या आवृत्तीने ती बाजूला ठेवून १२ तत्त्वे व ८ कार्यक्षेत्रे यांवर भर दिला.

पुष्कळ जण ही मार्गदर्शिका म्हणजेच परीक्षेचा अभ्यासक्रम असे समजतात. प्रत्यक्षात प्रश्न 'परीक्षा आशय रूपरेषा' या स्वतंत्र दस्तऐवजाच्या आधारे काढले जातात आणि मार्गदर्शिका हा संदर्भग्रंथांपैकी एक असतो.

भारतात पीएमआयच्या स्थानिक शाखा 'चॅप्टर' या नावाने चालतात. मुंबई व पुणे येथे असे चॅप्टर आहेत. ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या परीक्षार्थींना मुंबई चॅप्टर सर्वांत जवळचा आहे.

## पात्रता

पदवीधर उमेदवारास प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा किमान ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. पदवी नसलेल्या, परंतु माध्यमिक शिक्षण किंवा पदविका पूर्ण केलेल्या उमेदवारासाठी ही अट ६० महिन्यांची आहे. हा अनुभव अर्जापूर्वीच्या ठरावीक वर्षांतील असावा लागतो. याशिवाय प्रकल्प व्यवस्थापनाचे ३५ तासांचे औपचारिक प्रशिक्षण आवश्यक असते. एकाच काळात दोन प्रकल्प सांभाळले असल्यास ते महिने एकदाच मोजले जातात.

'अनुभव' या शब्दाचा अर्थ येथे मर्यादित आहे. सुरुवात आणि शेवट ठरलेले, विशिष्ट फलित देणारे काम म्हणजे प्रकल्प. डोंबिवली औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या रसायन कारखान्यातील रोजचे उत्पादन प्रकल्पात मोडत नाही. त्याच कारखान्यात नवे सांडपाणी प्रक्रिया संयंत्र उभारणे हा प्रकल्प होय. बँकेतील दैनंदिन व्यवहार अनुभवात धरले जात नाहीत, मात्र जुन्या संगणकप्रणालीवरून सर्व खाती नव्या प्रणालीवर नेण्याचे काम धरले जाते. शिवाय त्या कामातील सहभाग पुरेसा नसतो. त्याच्या नियोजनाची, निर्णयांची वा चमूची जबाबदारी उमेदवारावर असावी लागते. पदनामात 'मॅनेजर' हा शब्द असण्याची अट नाही.

## अर्ज आणि पडताळणी

अर्जात प्रत्येक प्रकल्पाचे उद्दिष्ट, उमेदवाराची भूमिका, कालावधी आणि फलित थोडक्यात लिहावे लागते. काही अर्ज यादृच्छिक पद्धतीने पडताळणीसाठी निवडले जातात. अशा उमेदवाराला शैक्षणिक कागदपत्रे, प्रशिक्षणाचा दाखला आणि प्रत्येक प्रकल्पाबाबत वरिष्ठाची वा संबंधित व्यक्तीची पुष्टी ९० दिवसांत सादर करावी लागते.

लहान आस्थापनांत नोकरी केलेल्यांसाठी ही पायरी अवघड ठरू शकते. ठाण्याची वागळे औद्योगिक वसाहत ही १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. तेथील कित्येक जुने कारखाने बंद झाले आणि त्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आली. बंद पडलेल्या कारखान्यातील अनुभव दाखवायचा असल्यास तत्कालीन वरिष्ठाशी अर्ज करण्यापूर्वीच संपर्क साधून ठेवणे आवश्यक असते.

नावाची जुळणी हीदेखील मराठी उमेदवारांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब आहे. अर्जातील नाव शासकीय ओळखपत्रावरील नावाशी जुळावे लागते. महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी पद्धत आहे. त्यामुळे पारपत्र, आधारपत्र व पदवी प्रमाणपत्र यांवरील नावांत फरक राहून जातो. विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत हा फरक अधिक असतो. तो शुल्क भरण्यापूर्वी दूर न केल्यास परीक्षेच्या दिवशी प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

अर्ज मंजूर झाल्यावर एक वर्षाच्या मुदतीत जास्तीत जास्त तीन वेळा परीक्षा देता येते. प्रत्येक फेरपरीक्षेसाठी वेगळे शुल्क असते. पीएमआयच्या सदस्यांना शुल्कात सवलत मिळते.

## परीक्षेचे स्वरूप

जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या रूपरेषेनुसार परीक्षेत २३० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात. त्यांपैकी ५ प्रश्न केवळ चाचणीसाठी असून त्यांचे गुण धरले जात नाहीत, मात्र ते कोणते हे परीक्षार्थीला कळत नाही. दर ६० प्रश्नांनंतर एक याप्रमाणे १० मिनिटांच्या दोन विश्रांती मिळतात. विश्रांती घेतल्यावर आधीच्या भागातील प्रश्नांकडे परत जाता येत नाही. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत.

या रूपरेषेत प्रश्नांची विभागणी पुढीलप्रमाणे होती:

* माणसे (चमू, नेतृत्व, संघर्ष निवारण): ४२ टक्के
* प्रक्रिया (व्याप्ती, वेळापत्रक, खर्च, जोखीम, खरेदी): ५० टक्के
* व्यावसायिक परिसर (नियमपालन, लाभ, संस्थात्मक बदल): ८ टक्के

सुमारे निम्मे प्रश्न पूर्वनियोजित पद्धतीवर आणि उरलेले ॲजाइल किंवा संमिश्र पद्धतीवर असतात. जुलै २०२६ पासूनच्या सुधारित रूपरेषेत व्यावसायिक परिसराचा वाटा मोठ्या प्रमाणात वाढवण्यात आला आहे. त्यामुळे आपल्या परीक्षेच्या तारखेला कोणती रूपरेषा लागू आहे, हे पाहूनच अभ्याससाहित्य निवडावे लागते.

उत्तीर्ण होण्यासाठी लागणारी टक्केवारी पीएमआय जाहीर करत नाही. निकालपत्रात प्रत्येक क्षेत्रातील कामगिरी चार श्रेणींत दाखवली जाते.

## तयारी

### प्रसंगाधारित प्रश्न

बहुतेक प्रश्नांत एखादा प्रसंग देऊन 'व्यवस्थापकाने प्रथम काय करावे?' असे विचारलेले असते. चारही पर्याय वरवर योग्य वाटतात. व्याख्या पाठ करून असे प्रश्न सुटत नाहीत. महाराष्ट्रात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाची परंपरा मोठी आहे. ठाणे महानगरपालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८७ पासून नागरी सेवा परीक्षांसाठी मार्गदर्शन करते. त्या परीक्षांत विस्तृत माहिती लक्षात ठेवण्याला महत्त्व आहे, तर पीएमपीत माहितीचा आवाका लहान असून निर्णयाचा क्रम तपासला जातो.

अनुभवी परीक्षार्थीला त्याचा अनुभवच अडथळा ठरण्याची शक्यता असते. उदाहरणार्थ, काम सुरू असताना ग्राहकाचा अभियंता तोंडी जादा काम सांगतो. संबंध टिकवण्यासाठी ते लगेच करून देणे आणि कागदपत्रे मागाहून पूर्ण करणे, हा अनेक बांधकामांवरचा रिवाज आहे. परीक्षेत मात्र अपेक्षित उत्तर वेगळे असते: त्या बदलाचा खर्च, वेळ व जोखीम यांवरील परिणाम आधी तपासावा आणि तो बदल नियंत्रण प्रक्रियेतून मंजूर करून घ्यावा. हाच प्रसंग ॲजाइल प्रकल्पातील असेल तर नवी मागणी कामांच्या यादीत घालून तिचा अग्रक्रम उत्पादनाच्या मालकाने ठरवणे योग्य मानले जाते. आपण कामावर काय केले असते आणि परीक्षेला काय अपेक्षित आहे, यांतील अंतर ओळखणे हा तयारीचा मुख्य भाग होय.

### सूत्रे व आकडेमोड

आकडेमोडीचे प्रश्न थोडे असतात, परंतु त्यांमागील संकल्पना प्रसंगाधारित प्रश्नांतही येतात. त्यांत अर्जित मूल्य पद्धत प्रमुख आहे. समजा, एका गृहनिर्माण संस्थेच्या दुरुस्तीचे काम ४० लाख रुपयांचे व ८ महिन्यांचे आहे. ४ महिन्यांअखेर २० लाखांचे काम व्हायला हवे होते, प्रत्यक्षात १६ लाखांचे झाले आणि त्यासाठी १८ लाख खर्च झाले. तर,

* खर्च निर्देशांक = १६ ÷ १८ = ०.८९
* वेळापत्रक निर्देशांक = १६ ÷ २० = ०.८०
* याच गतीने अंतिम खर्चाचा अंदाज = ४० ÷ (१६ ÷ १८) = ४५ लाख रुपये

दोन्ही निर्देशांक १ पेक्षा कमी आहेत, म्हणजे काम महागही पडत आहे आणि मागेही आहे. संवादमार्गांची संख्या न(न–१)÷२ या सूत्राने काढतात. ८ जणांच्या चमूत २८ संवादमार्ग असतात, तर १२ जणांच्या चमूत ते ६६ होतात. माणसे वाढवल्याने काम त्याच प्रमाणात का वेगावत नाही, याचे एक कारण यातून कळते.

### स्थानिक प्रकल्पांची उदाहरणे

पुस्तकांतील उदाहरणे बहुधा परदेशी असतात. परिसरातील परिचित प्रकल्पांवरून त्याच संकल्पना समजून घेता येतात. कल्याणमधील रेल्वेमार्गावरचा शंभर वर्षांहून जुना पत्री पूल धोकादायक ठरल्याने २०१८ मध्ये वाहतुकीस बंद करून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाडण्यात आला. नव्या पुलाची तुळई नोव्हेंबर २०२० मध्ये रेल्वे वाहतूक थांबवून बसवण्यात आली आणि जानेवारी २०२१ मध्ये पूल खुला झाला. रस्ते विकास महामंडळाच्या या कामात रेल्वेचा ब्लॉक मिळणे हे बाह्य अवलंबित्व होते. तुळई तयार असली तरी ब्लॉकशिवाय पुढची पायरी शक्य नव्हती. टाळेबंदी ही योजनेच्या बाहेरून आलेली जोखीम होती. ठाणे ते दिवा दरम्यानच्या पाचव्या व सहाव्या मार्गिकांचे काम २००८ मध्ये हाती घेण्यात आले व त्या फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या. दाट वस्ती आणि चालू रेल्वेमार्ग यांमधून नव्या मार्गिका टाकताना भागधारकांचे व्यवस्थापन किती निर्णायक असते, हे या कामातून दिसते.

### भाषा

परीक्षा मराठीत उपलब्ध नाही. येथील परीक्षार्थी ती इंग्रजीत देतात. प्रत्येक प्रश्नाला सरासरी सव्वा मिनिट मिळते आणि तेवढ्यात चार-पाच ओळींचा प्रसंग व चार पर्याय वाचावे लागतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांची अडचण बहुधा शब्दांची नसून वाचनाच्या वेगाची असते. प्रसंगाआधी शेवटचे प्रश्नार्थक वाक्य वाचणे, 'प्रथम', 'सर्वोत्तम', 'वगळता' यांसारख्या अर्थांचे शब्द टिपणे आणि पूर्ण वेळ लावून सराव परीक्षा देणे हे त्यावरचे रूढ उपाय आहेत.

### वेळेचे नियोजन

डोंबिवली स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ४८ किलोमीटरवर, तर कल्याण सुमारे ५४ किलोमीटरवर आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्यांचे दिवसाचे तीन-चार तास प्रवासात जातात. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये पुस्तक उघडणेही कठीण असल्याने त्या वेळेत ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकणे किंवा भ्रमणध्वनीवर मोजके प्रश्न सोडवणे एवढेच शक्य होते. सलग चार तासांच्या सराव परीक्षेला ही वेळ पर्याय ठरत नाही. ती सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत द्यावी लागते. तिच्यातील चुकांचे विश्लेषण हे आणखी एक स्वतंत्र काम असते. म्हणून तारीख ठरवताना एकूण तासांपेक्षा अशा किती सलग बैठका मिळतील, याचा हिशेब अधिक उपयोगी पडतो.

## परीक्षा केंद्र की घर

परीक्षा पीअर्सन व्ह्यू या कंपनीच्या केंद्रांवर घेतली जाते. २०२० पासून ती घरूनही ऑनलाइन देता येते. घरून देताना खोलीत दुसरे कोणी येऊ नये, परीक्षार्थी कॅमेऱ्यासमोरून हलू नये आणि प्रश्न मोठ्याने वाचू नये, असे नियम असतात. त्यांचा भंग झाल्यास परीक्षा रद्द होऊ शकते. एक-दोन खोल्यांच्या सदनिकेत चार तास एक खोली पूर्णपणे रिकामी ठेवणे, तसेच वीज व इंटरनेट अखंड राहणे याची खात्री नसल्यास केंद्र हा अधिक सुरक्षित पर्याय असतो. पावसाळ्यात रेल्वेसेवा विस्कळीत होत असल्याने केंद्रावर जाणाऱ्यांनाही जादा वेळ राखून ठेवावा लागतो.

## नैतिक प्रश्न

पीएमआयची आचारसंहिता जबाबदारी, आदर, न्याय्यता आणि प्रामाणिकपणा या चार मूल्यांवर आधारलेली असून अर्ज करतानाच ती मान्य करावी लागते. अनुभव फुगवून सांगणे, दुसऱ्याकडून तयार मजकूर घेऊन अर्ज भरणे किंवा खऱ्या परीक्षेतील प्रश्न म्हणून विकले जाणारे संच वापरणे हा तिचा भंग ठरतो. 'उत्तीर्ण होण्याची हमी' देणाऱ्या जाहिरातींच्या बाबतीत उमेदवाराने शुल्क परताव्याच्या अटी तपासणे आणि ३५ तासांचे प्रशिक्षण ग्राह्य धरले जाणार आहे ना, याची खातरजमा करणे गरजेचे असते.

## प्रमाणपत्राचे नूतनीकरण

प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. त्या काळात ६० व्यावसायिक विकास गुण मिळवून नूतनीकरण शुल्क भरल्यास ते पुढे चालू राहते. प्रशिक्षण, वाचन, चॅप्टरचे कार्यक्रम, अध्यापन व स्वयंसेवा यांतून हे गुण मिळतात.

## मर्यादा

पीएमपीमुळे नोकरी किंवा बढती मिळेलच असे नाही. काही नियोक्ते, विशेषतः आंतरराष्ट्रीय ग्राहकांसाठी काम करणाऱ्या कंपन्या, या प्रमाणपत्राला प्राधान्य देतात. अनेक स्थानिक बांधकाम व उत्पादन आस्थापनांत मात्र तांत्रिक पदवी आणि प्रत्यक्ष कामालाच महत्त्व असते. पुरेसा अनुभव नसलेल्यांसाठी पीएमआयचेच सीएपीएम हे प्राथमिक प्रमाणपत्र आहे. ब्रिटनमध्ये विकसित झालेले प्रिन्स२ हा दुसरा पर्याय आहे. बांधकाम क्षेत्रात पूर्णवेळ शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी पुण्यात निकमार ही संस्था आहे.

## हेही पहा

* प्रकल्प व्यवस्थापन
* ॲजाइल पद्धत
* अर्जित मूल्य व्यवस्थापन
* वागळे औद्योगिक वसाहत
* कल्याण-डोंबिवली महानगरपालिका