तोळ्याची गोळी आणि गुंजांचा छरा : भंडारा जिल्ह्यांतील संग्राहकांसाठीं एक टिपण

भंडारा जिल्ह्यांतील जुन्या मालगुजारांच्या घरीं दप्तर पाहावयास जाणाऱ्या संशोधकाची दृष्टि कागदांवर असते, व तें योग्यच होय. परंतु ज्या माळ्यावर रुमालांत बांधलेलीं दप्तरें सांपडतात, त्याच माळ्यावर एखादे वेळीं तोड्याच्या बंदुकीची गंजलेली नळी किंवा विलायती छऱ्याची बंदूकहि हातीं लागते. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजीं संपली. वस्तु मात्र मागें राहिल्या. अशा वस्तूची नोंद करतांना 'जुनी एअरगन, नादुरुस्त' एवढेंच लिहून पुढें जाण्याचा मोह होतो. नळीचें माप गळलें म्हणजे ती बंदूक कोणत्या कामासाठीं निवडली होती हें कळण्याचें मुख्य साधन नाहींसें होतें. शिवाय आतां त्या मापावरच ती बाळगण्यास परवाना लागतो कीं नाहीं हें ठरतें. म्हणून या विषयाचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम जुन्या पद्धतीकडे पाहूं. तोड्याच्या बंदुकीचें माप नळीच्या व्यासानें नव्हे, गोळीच्या वजनानें सांगत. शिसें कोठेंहि तोलतां येतें, नळीच्या आंत मात्र सूत धरतां येत नाहीं. यामुळें ही रीत सोयीची होती. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरल्यास एक तोळ्याची शिशाची गोळी सुमारें १२.५ मिलिमीटर व्यासाची, दोन तोळ्यांची १५.८ मिलिमीटरांची, व तीन तोळ्यांची १८ मिलिमीटरांची भरते. वजन तिप्पट झालें तरी व्यास दीडपटीच्याहि आंतच राहतो, ही गोष्ट नळीवरून कागद व कागदावरून नळी ताडून पाहतांना ध्यानांत ठेवावी. इंग्रजांची रीतहि मुळांत हीच. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असतां त्यांतील एक जींत बसेल ती '१२ बोर'. त्या गोळीचें वजन आपल्या हिशेबानें सव्वातीन तोळे होतें.

दारूच्या बंदुकींत नळी मोठी घेतली तर, नळी सोशील त्या मर्यादेंत, दारूहि वाढवितां येते. कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, हवेच्या बंदुकींत ही सोय नाहीं. तींत नळी मोडून अगर दांडा ओढून स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढतांच ती सुटून दट्ट्यास पुढें लोटते, व दट्ट्यापुढील हवा एकदम दाबली जाऊन छऱ्यास ढकलते. स्प्रिंगेंत जेवढें बळ सांठविलें तेवढेंच हातीं येतें. छरा जड घेतला तर तो मंद जातो, हलका घेतला तर वेगानें जातो. हवेच्या सर्वच बंदुकांना ही मर्यादा होती असें मात्र नव्हे. ऑस्ट्रियाच्या सैन्यानें १७८० च्या सुमारास घेतलेल्या जिरार्दोनीच्या बंदुकींत दस्त्याच्या जागीं हवेचें पात्र असे व तें पंपानें भरीत. म्हणून तिला साडेअकरा मिलिमीटरांहून मोठी गोळी पेलत असे.

स्प्रिंगच्या बंदुकीसाठीं मुख्यतः तीन मापें रूढ झालीं. इंग्लंडांत लिंकन जेफ्रीज याच्या रचनेवर बीएसए कारखान्यानें १९०५ च्या सुमारास बंदुका करण्यास आरंभ केला. त्या परंपरेंत ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर यास क्रमांक १, ०.२२ इंच म्हणजे ५.५ मिलिमीटर यास क्रमांक २, व ०.२५ इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर यास क्रमांक ३ म्हणत. येथें एक घोंटाळा संभवतो. बारा बोराच्या पद्धतींत आंकडा लहान तितकी नळी मोठी. येथें आंकडा लहान तितकी नळीहि लहान. लोखंडावर 'नं. २' दिसतांच तो पौंडाचा हिशेब समजणें चूक होय.

आतां निवड कशी होते तें पाहूं. क्रमांक १ चा नेहमींचा छरा सुमारें साडेचार गुंजांचा, क्रमांक २ चा पावणेआठ गुंजांचा, म्हणजे जवळ जवळ एक मासा. सुमारें १६ जूल बळाची बंदूक घेतली, तर पहिला सेकंदास सुमारें २४५ मीटर व दुसरा सुमारें १८३ मीटर वेगानें सुटतो. हवेचा अडथळा न धरतां ३० मीटरांवर पहिला ७ सेंटिमीटर खालीं येतो, तर दुसरा १३. म्हणून ज्यास अंतराचा अदमास चुकला तरी नेम चुकूं द्यावयाचा नाहीं, त्यानें लहान माप घ्यावें. ज्यास जवळून जड आघात हवा, त्यानें मोठें घ्यावें. मालगुजारी तलावांच्या कांठीं पांखरें मारूं पाहणाऱ्या जुन्या शौकिनास दुसऱ्याचें आकर्षण वाटावें, व अंगणांत निशाण लावून हात बसविणाऱ्यास पहिलें पुरावें, हें यावरून उघड आहे. ऑलिंपिकांतील १० मीटरांच्या स्पर्धेसहि ४.५ मिलिमीटर हेंच माप आहे.

आज या निवडीचा एक पक्ष मिटला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा मार्ग बंद केला; जो सारस महाराष्ट्रांत आतां मुख्यतः गोंदिया व भंडारा याच जिल्ह्यांत उरला आहे, त्याच्या प्रदेशांत तर छऱ्याचें माप पक्ष्यांवरून ठरविणें सर्वथा अनुचित. दुसरें असें कीं, २०१६ च्या शस्त्रनियमांनीं ४.५ मिलिमीटरांहून मोठ्या व्यासाची किंवा २० जूलांहून अधिक बळाची हवेची बंदूक परवान्याच्या कक्षेंत आणली. वर सांगितलेल्या दोन्ही बंदुकांचें बळ १६ जूलच. तरी केवळ एका मिलिमीटराच्या फरकानें एक मोकळी राहते व दुसरीस परवाना लागतो. १९६४ पासून जवाहरनगरच्या कारखान्यांत तोफाबंदुकांची दारू करणाऱ्या या जिल्ह्यांत, जींत दारूचा कणहि नाहीं अशी बंदूक संग्राहकास अडचणींत आणूं शकते, हें लक्षांत असावें.

माप घेणें कठीण नाहीं. प्रथम स्प्रिंग दाबलेली नाहीं व नळींत छरा नाहीं याची जाणत्याकडून खात्री करून घ्यावी. मग बरोबर ५ मिलिमीटर जाडीची गुळगुळीत लांकडी काडी नळीच्या तोंडाशीं हलकेंच लावावी. आंत गेली तर नळी क्रमांक २ किंवा त्याहून मोठी. न गेली तर बहुधा क्रमांक १. गंज असल्यास जोर करूं नये, नळी घांसूं नये, व बार तर मुळींच काढूं नये. मोठी नळी निघाल्यास नोंद पुरी करून परवान्याची व्यवस्था पाहावी. नोंदींत व्यास, लोखंडावरील अक्षरें व आंकडे, सांपडल्याचें गांव व घर, आणि शेजारच्या दप्तरांचा काळ एवढें अवश्य असावें. कागदावरील तोळा आणि लोखंडावरील क्रमांक हीं एकाच प्रश्नाचीं दोन उत्तरें आहेत. दोन्ही शेजारीं ठेवलीं तरच नळी बोलूं लागते.