एनसीसी कॅडेटचा सॅल्यूट कर्नलला, मग हवालदाराला काय?

एनसीसीचा कॅम्प केलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. बटालियनचे कर्नल मैदानावर येतात आणि सगळ्या कॅडेट्सच्या टाचा एका आवाजात जुळतात. कुणाची मानही हलत नाही. थोड्या वेळाने कर्नल निघून जातात, ड्रिल शिकवायला हवालदार उभे राहतात आणि मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते. 'आपल्याला तर ऑफिसर व्हायचंय, हे काय सांगणार?'

वर्दीतल्या १५ ते २० वर्षांच्या मुलामुलींना सैन्याबद्दल आदर नसतो, असं अजिबात नाही. उलट तो भरपूर असतो. प्रश्न एवढाच आहे की हा आदर नेमका कुणासाठी असतो? खांद्यावरच्या स्टार्ससाठी, की सेवेत असलेल्या माणसासाठी? कॅडेटचं सैन्यातलं स्थान काय, सॅल्यूट कुणाला करायचा आणि उस्तादांशी कसं वागायचं, हे समजून घेऊया.

कॅडेट म्हणजे सैनिक का?

नाही. एनसीसी म्हणजेच राष्ट्रीय छात्र सेना १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. हा कायदा स्पष्ट सांगतो की, केवळ या दलाचा सदस्य आहे म्हणून कुणालाही प्रत्यक्ष लष्करी सेवेसाठी बोलावता येणार नाही. कॅडेट ड्रिल शिकतो, पॉइंट टू टू रायफल चालवतो, नकाशा वाचतो, कॅम्प करतो. पण तो विद्यार्थीच असतो.

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या वेळी कॅडेट्सनी मागच्या फळीत मदतीची कामं केली होती, हे खरं. पण ती मदत होती, सैनिकाची नोकरी नव्हती.

म्हणूनच इन्स्टाग्रामवर खाकी वर्दीतल्या रीलखाली 'फौजी भाई' अशा कमेंट येतात, तेव्हा त्या कौतुकाचा खरा हक्कदार वेगळाच असतो.

मैदानावर कोण कोण असतं?

बाहेरून पाहिलं तर सगळेच वर्दीत दिसतात, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. कॅम्पमध्ये ढोबळमानाने चार प्रकारची माणसं असतात.

पहिले, बटालियनचे कमांडिंग ऑफिसर. हे बहुतेकदा सैन्यातले कर्नल किंवा लेफ्टनंट कर्नल असतात आणि काही काळासाठी एनसीसीत आलेले असतात.

दुसरे, एएनओ म्हणजे असोसिएट एनसीसी ऑफिसर. हे तुमच्याच शाळा-कॉलेजातले शिक्षक किंवा प्राध्यापक असतात. त्यांचं प्रशिक्षण नागपूरजवळच्या कामठीतल्या अकादमीत होतं, महिलांसाठी अशीच अकादमी ग्वाल्हेरला आहे. त्यांना एनसीसीतली रँक मिळते, पण ते नियमित सैन्यात नसतात.

तिसरे, पीआय स्टाफ. हे आर्मी, नेव्ही, एअर फोर्समधून आलेले प्रशिक्षक. आर्मी विंगमध्ये यात नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार असतात. ड्रिलपासून फायरिंगपर्यंत सगळं हेच शिकवतात. मुलं त्यांना 'उस्ताद' म्हणतात.

चौथे, कॅडेट्स. त्यांच्यातही लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट अशा रँक असतात. कॉलेज विभागात सगळ्यात वरची रँक सीनियर अंडर ऑफिसरची, म्हणजे एसयूओची.

यातली शेवटची ओळ महत्त्वाची. कॅडेटची रँक फक्त कॅडेट्सपुरती असते. एसयूओच्या नावात 'ऑफिसर' हा शब्द आहे म्हणून तो सैन्यातल्या शिपायाचाही वरिष्ठ ठरत नाही. कॅडेट सार्जंटच्या बाहीवर तीन फिती असतात आणि हवालदाराच्या बाहीवरही तीनच असतात. पण एकाला त्या शाळा-कॉलेजातल्या वर्ष-दोन वर्षांच्या परेडनंतर मिळतात, दुसऱ्याला सीमेवरच्या पोस्टिंग, कोर्स आणि परीक्षांमधून गेल्यावर.

सॅल्यूट नेमका कुणाला?

सैन्यातला अधिकारी राष्ट्रपतींकडून कमिशन घेतो. त्याला केलेला सॅल्यूट हा त्या कमिशनला असतो, व्यक्तीला नाही. म्हणूनच अधिकारी आवडतो की नाही, याचा सॅल्यूटशी संबंध नसतो. एनसीसीतही कॅडेट अधिकाऱ्यांना आणि एएनओंना सॅल्यूट करतात. डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट होत नाही. तेव्हा सावधान उभं राहून 'जय हिंद सर' म्हणायचं.

हवालदार आणि नाईक हे कमिशन्ड अधिकारी नाहीत, त्यामुळे त्यांना सॅल्यूट नसतो. एसयूओला इतर कॅडेट्सनी सॅल्यूट करण्याचा प्रश्नच येत नाही.

नियम इथे संपतो. अडचण अशी की, बऱ्याच मुलांच्या डोक्यात आदरही इथेच संपतो. ज्याला सॅल्यूट नाही तो आपल्याएवढाच, असा सोपा हिशोब मांडला जातो आणि तो साफ चुकीचा आहे.

'हवालदार' शब्दाचा घोळ

मराठी मुलांच्या बाबतीत यात आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे 'हवालदार' म्हटलं की डोळ्यांसमोर पोलीस चौकी येते, नाहीतर सिनेमातलं विनोदी पात्र. त्यामुळे या शब्दाचं वजन कानाला जाणवतच नाही.

खरं तर शिवकाळात किल्ल्याचा हवालदार म्हणजे गडाच्या चाव्या ज्याच्या ताब्यात असायच्या तो माणूस. सुभेदार हे पदही आपल्या इतिहासात मोठ्या मानाचं. तानाजी मालुसरेंचा उल्लेख आपण आजही 'सुभेदार' असाच करतो. आजच्या आर्मीत हवालदार हा जवानांच्या तुकडीचा रोजचा कारभार सांभाळणारा अनुभवी माणूस असतो. जवान उपाशी आहे की आजारी, त्याची रायफल साफ आहे की नाही, हे त्याला सगळ्यात आधी कळतं.

सुभेदार तर त्याहून वर. सैन्यातल्या एका प्रथेकडे लक्ष द्या. अधिकारी, अगदी कर्नलसुद्धा, सुभेदारांना 'साहब' म्हणून हाक मारतात. रँकने वरिष्ठ असलेला माणूस कनिष्ठाला साहेब म्हणतो, कारण त्या माणसाच्या मागे वीस-पंचवीस वर्षांची सेवा असू शकते. ज्यांना कर्नल साहेब म्हणतात, त्यांच्याशी अकरावीतल्या मुलाने कसं बोलावं, हे वेगळं सांगायला नको.

वय सारखं, पण सेवा वेगळी

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि या नात्यात एक नवी गोष्ट घडली. अग्निवीर म्हणून साडेसतराव्या वर्षापासून भरती होता येतं. म्हणजे १९ वर्षांचा अग्निवीर आणि २० वर्षांचा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेला एसयूओ समोरासमोर येऊ शकतात. कधी आर्मी अटॅचमेंट कॅम्पमध्ये, जिथे कॅडेट प्रत्यक्ष रेजिमेंटसोबत राहतात, तर कधी गावच्या जत्रेत.

दोघांपैकी सीनियर कोण? वय कॅडेटचं जास्त, शिक्षणही कदाचित जास्त. पण अग्निवीर आर्मी ॲक्टखाली आहे. त्याची बदली कुठेही होऊ शकते आणि आदेश आल्यावर 'उद्या परीक्षा आहे' असं त्याला म्हणता येत नाही. सेवेत असणं म्हणजे नेमकं हेच. कॅडेटने त्याला सॅल्यूट करायचा नाही, पण त्याच्यावर रँकचा रुबाबही झाडायचा नाही.

एनडीएतल्या मुलांचं काय?

खडकवासल्याच्या एनडीएतला कॅडेट हा एनसीसी कॅडेटपेक्षा वेगळा. तो साधारण साडेसोळा ते साडेएकोणीसाव्या वर्षी तिथे जातो आणि त्याची वाट अधिकारी होण्याचीच असते. तीन वर्षं एनडीए, मग पुढच्या अकादमीतलं प्रशिक्षण आणि त्यानंतर कमिशन. २०२२ पासून मुलीही तिथे शिकू लागल्या आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

तिथेही ड्रिल शिकवणारे उस्ताद हवालदार, सुभेदारच असतात. कमिशन मिळेपर्यंत मुलं त्यांच्या आवाजावर पळतात. कमिशन मिळालं की हिशोब उलटा होतो आणि तोच हवालदार नव्या लेफ्टनंटला सॅल्यूट करतो. पण त्यानंतर लगेच युनिटमध्ये गेल्यावर एकवीस-बावीस वर्षांच्या या अधिकाऱ्याच्या हाताखाली चाळिशीतले सुभेदार असतात. डोंगरात रात्री वाट चुकली तर कुणाचा अनुभव कामाला येणार, हे दोघांनाही माहीत असतं.

उस्तादांना कमी लेखायची सवय कॅडेट असताना लागली, तर ती कमिशनबरोबर गळून पडत नाही. आणि जवानांना आपल्या अधिकाऱ्याची ही नजर ओळखायला वेळ लागत नाही. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र घेऊन स्पेशल एंट्रीतून एसएसबीला जाऊ इच्छिणाऱ्यांनाही हेच लागू होतं.

आदर म्हणजे मार खाणं नव्हे

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. २०२३ मध्ये ठाण्यातल्या एका कॉलेजचा व्हिडिओ व्हायरल झाला होता. पावसात, पाण्यात ओणवे झालेल्या कॅडेट्सना एक जण काठीने मारत होता. मारणारा सैन्यातला कुणी नव्हता, तो सीनियर कॅडेट होता.

कॅम्पच्या भाषेत शिक्षा म्हणून करून घेतलेल्या कसरतीला 'रगडा' म्हणतात. मैदानाला फेरी मारणं, पुशअप्स काढणं हे प्रशिक्षणात येतं. काठी त्यात येत नाही. सीनियर कॅडेटला कुणावर हात उचलायचा अधिकार नाही, आणि प्रशिक्षकालाही नाही. 'फौजेत असंच असतं' हे वाक्य अशा वेळी सर्रास ऐकू येतं, आणि बहुतेकदा ते म्हणणारा स्वतः फौजेत गेलेला नसतो.

असं काही झालं तर एएनओ, मुख्याध्यापक किंवा प्राचार्य आणि थेट बटालियनचे कमांडिंग ऑफिसर यांच्याकडे तक्रार करता येते. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. तक्रार केल्याने वर्दीचा अपमान होत नाही.

मोबाईल हातात असताना

आजच्या कॅडेटचा आदर किंवा अनादर बऱ्याचदा फोनमधूनच दिसतो. त्यामुळे तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

एक, उस्तादांचा फोटो, त्यांचं नाव, मूळ युनिट किंवा आधीची पोस्टिंग त्यांना न विचारता पोस्ट करू नका. जुलै २०२० मध्ये आर्मीने आपल्या लोकांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितली होती. सेवेतल्या माणसासाठी सोशल मीडिया हा सुरक्षेचा विषय आहे. तुम्ही प्रेमाने 'बेस्ट उस्ताद' लिहून टॅग केलंत तरी उत्तर त्यांना द्यावं लागू शकतं.

दोन, 'सर, तुम्ही किती जणांना मारलं?' हा प्रश्न विचारू नका. मुलांना तो भारी वाटतो. पण समोरच्याने कदाचित तिथे आपला मित्र गमावलेला असतो. त्यापेक्षा 'सियाचीनला जेवण कसं पोहोचतं?', 'पहिल्या पोस्टिंगला भीती वाटली होती का?' असं विचारलंत तर माणूस मोकळेपणाने बोलतो.

तीन, सैनिक असल्याचा भास निर्माण करू नका. लोकांना आपण सैनिक वाटावं या हेतूने सैनिकाचा गणवेश किंवा चिन्ह वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०२२ मध्ये आलेल्या नव्या कॉम्बॅट गणवेशाची खुल्या बाजारात विक्री करायलाही मनाई आहे. एनसीसीची स्वतःची वर्दी अभिमानाने घाला, त्याला कुणाची हरकत नाही. मात्र बायोमध्ये 'इंडियन आर्मी' लिहायचा हक्क त्या वर्दीने मिळत नाही.

हे आता का महत्त्वाचं?

एनसीसी वाढते आहे. २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आणखी तीन लाख कॅडेट्सच्या जागांना मंजुरी दिली, त्यामुळे मंजूर संख्या वीस लाखांवर जाईल. याच योजनेत माजी सैनिकांना प्रशिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. म्हणजे पुढच्या काही वर्षांत लाखो मुलांना सैन्य पहिल्यांदा भेटेल ते एखाद्या निवृत्त हवालदाराच्या किंवा सुभेदाराच्या रूपात. कर्नल साहेबांचं दर्शन कॅम्पमध्ये एक-दोनदा होईल. बाकी सगळे दिवस पहाटे फॉल इन करून घेणारा, बुटाची लेस नीट बांधायला लावणारा, फायरिंग रेंजवर शेजारी बसून 'श्वास रोखून धर' म्हणणारा माणूस उस्तादच असेल.

कुणाला सॅल्यूट करायचा हे एका तासात शिकता येतं. हवालदाराला तो नाही. पण त्यांनी हाक मारल्यावर धावत जाणं, ते बोलत असताना सावधान उभं राहणं, चूक दाखवली तर वाद न घालता ती सुधारणं आणि कॅम्प संपल्यावर त्यांना भेटून 'जय हिंद उस्ताद, येतो' म्हणणं, हे कुठल्याही ड्रिलच्या तासाला शिकवत नाहीत. कॅडेटला सैन्याबद्दल खरंच काय वाटतं, हे कळतं ते इथेच.