एका शिलिंगाचा दंड

ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक वेगाने मोटार हाकल्याबद्दल दंडाची पावती हाती पडली, की बहुतेकांच्या मनात एकच विचार येतो: यात एवढे काय बिघडले? कोणाला धक्का लागला नाही, कोणाची गाडी मोडली नाही; मग हा दंड कशाबद्दल? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात चांगले सापडते.

१८६५ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला, की यंत्राने चालणाऱ्या गाडीने गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ४ मैल यांहून अधिक वेगाने जाऊ नये. २८ जानेवारी १८९६ रोजी केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ ताशी ८ मैलांच्या वेगाने मोटार घेऊन निघाले. एका शिपायाने सायकलवरून सुमारे ५ मैल पाठलाग करून त्यांना गाठले. वेगाबद्दल त्यांना एक शिलिंग दंड झाला, खर्च निराळा. आज आपल्याला या हकिगतीचे हसू येते, कारण आठ मैल म्हणजे जेमतेम १३ किलोमीटर. परंतु त्याच वर्षी १७ ऑगस्टला लंडनमध्ये ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीच्या धडकेने मृत्यू पावली. ती मोटार धावत नव्हती, रांगत होती असेच आपण आज म्हणू. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने असा प्रकार पुन्हा न घडो अशी आशा व्यक्त केली, असे सांगतात. त्या आशेचे पुढे काय झाले, हे आपण जाणतोच. जानेवारीतला तो हास्यास्पद दंड आणि ऑगस्टमधला तो मृत्यू यांत सात महिन्यांचेदेखील अंतर नव्हते.

आपल्या देशात मोटारींचा अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला. १९३९ साली अधिक विस्तृत कायदा आला आणि आपल्या गाडीमुळे तिऱ्हाइताची हानी झाल्यास तिची भरपाई व्हावी म्हणून विमा सक्तीचा ठरला. ती सक्ती १९४६ पासून अमलात आली. रस्त्यावरील अनोळखी माणसाविषयीही वाहनमालकाचे देणे लागते, हे तत्त्व त्यात मान्य झाले. १९८८ च्या कायद्यात अतिवेगाच्या पहिल्या गुन्ह्यास चारशे रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने हलक्या वाहनासाठी तो एक ते दोन हजार रुपये झाला. रक्कम वाढली, तशी संकटेही वाढली होती. सरकारी अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील शंभरांमागे सत्तरांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे झाले.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. नागपूरहून निघालेली सडक सावनेरला दुभंगते; एक फाटा सौंसरवरून छिंदवाड्यास जातो, दुसरा पांढुर्ण्यावरून मुलताई व बैतूलकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी आपली बोली, सोयरीक आणि संत्र्यांचा व्यापार या सडकांवरून पूर्ववत् चालू राहिला. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. याच सडकांवर संत्र्यांचे ट्रक धावतात, शेतकरी बैलगाडी घेऊन वळतो आणि शाळेची मुले रस्ता ओलांडतात. बाहेरगावच्या मोटारवाल्याला हा पल्ला केवळ मधला मुक्काम वाटतो. आपल्यासाठी ते घरासमोरचे अंगण आहे.

ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, ८० ची २२ मीटर. समोर मूल दिसल्यावर पाय ब्रेकवर पडेपर्यंत एखादा सेकंद जातोच. वेग दुप्पट झाला की आघाताचा जोर चौपट होतो. आणि मिळते काय? तीस किलोमीटरच्या वाटेवर साठऐवजी ऐंशीने गेल्यास साडेसात मिनिटे वाचतात. तेवढ्यात बाजारात चहाही नीट पिऊन होत नाही.

म्हणून पावती आली, तर प्रथम गाडीचा क्रमांक, तारीख, स्थळ व नोंदविलेला वेग ताडून पाहावा. नोंद चुकीची असेल तर कायद्याने दिलेल्या मार्गाने हरकत घ्यावी. बरोबर असेल तर मुदतीत दंड भरावा. ओळखीपाळखीने ती मिटवून घेण्यात घरच्या मुलांना आपण काय शिकवितो, याचा विचार करावा. बापाने चुकविलेला दंड मुलगा विसरत नाही. उद्या तोच मोटरसायकल हाती घेतो.

अपघात झाल्यावर होणारी शिक्षा कोणालाही परत आणू शकत नाही. तो होण्यापूर्वीच बजावण्याची कायद्याला एवढीच संधी असते, आणि दंड कितीही किरकोळ असला तरी तो याच कामाचा. तो हातात पडल्यावर पुढच्या वळणावर पाय सैल सोडला, तर भरलेले पैसे सत्कारणी लागले असे समजावे.