सरस्वतीबाई फाळके : कारखान्यातील अलिखित भागीदार

भारतीय चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च सन्मान दादासाहेब फाळके यांच्या नावाने राजधानी दिल्लीत दिला जातो. १९६९ साली हे पारितोषिक सुरू झाले आणि त्याचा पहिला मान देविकाराणी यांना मिळाला. देविकाराणी या हिमांशु राय यांच्या पत्नी, १९३४ साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे टॉकीज’मधील त्यांच्या सहकारी, आणि १९४० साली पती निवर्तल्यानंतर त्या संस्थेचा कारभार हाती घेणाऱ्या कर्तबगार स्त्री. ज्या पुरुषाचे नाव या पारितोषिकाला दिले आहे, त्याच्या घरीही अशीच एक भागीदारी होती. देविकाराणींची भागीदारी जगजाहीर होती. सरस्वतीबाई फाळके यांची मात्र कोणत्याही कागदावर कधी चढली नाही.

१९०२ साली गिरिजा करंदीकर ही किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या नात्यातील मुलगी फाळके यांच्या घरात आली आणि सरस्वती झाली. फाळके यांची पहिली पत्नी प्लेगमध्ये दगावली होती. वर वयाने पुष्कळ मोठा, आणि उद्योग म्हणाल तर एक धड नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला हा कलावंत चित्रकार होता, छायाचित्रकार होता, प्रसंगी जादूगारही होता. पुराणवस्तू खात्यातील नोकरी त्याने स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली, लोणावळ्यास छापखाना काढला आणि मग तो मुंबईस आणला. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचे काम त्याच्या हातून झाले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली तो जर्मनीस जाऊन आला आणि त्यानंतर दोनच वर्षांत भागीदारांशी न पटल्यामुळे चालता धंदा सोडून घरी बसला. अशा माणसाचा संसार करणे म्हणजे दर दोनचार वर्षांनी नवे बिऱ्हाड मांडणे होय.

१९११ च्या सुमारास गिरगावातील ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये फाळके यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि ते झपाटून गेले. ही हकीकत बहुतेकांस ठाऊक असते. लागलीच ते पत्नीलाही घेऊन तोच चित्रपट पाहावयास पुन्हा गेले, हे मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. नव्या धंद्याचा विचार मनात आला की मनुष्य तो आधी भांडवलदाराला दाखवितो. फाळके यांनी तेच केले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या विचाराची किंमत लवकरच वसूल होऊ लागली. प्रयोगांच्या नादात रात्रंदिवस जागल्यामुळे फाळके यांची दृष्टी काही काळ गेली. ती परत आल्यावर विम्याचे कागद गहाण पडले, घरातील सामानसुमान विकले गेले, आणि १९१२ च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले. तेथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन ते परतले. कुंडीतील वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो याचे इवलेसे चित्र त्यांनी घेतले आणि त्याच्या जोरावर सावकार मिळविला. तरीही पैसा अपुरा पडला, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

‘पत्नीने दागिने दिले’ हे वाक्य आपल्या चरित्रग्रंथांत इतक्या वेळा येते की ते वाचताना कोणी थांबत नाही. परंतु येथे थोडे थांबावयास हवे. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे दागिने हे स्त्रीधन. त्यावर मालकी स्त्रीची, नवऱ्याची नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीने नवऱ्याला ते घेण्याची मोकळीक चारच प्रसंगी दिली आहे: दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास. अशा वेळी घेतलेले धन परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. या चारांत चलच्चित्रांचा धंदा कोठेही बसत नाही. तेव्हा शास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर सरस्वतीबाईंनी दिलेले दागिने हे स्वतंत्र मालकीचे भांडवल होते, आणि ते एका अत्यंत धोक्याच्या व्यवसायात गुंतविले गेले होते. पुरुषाने असे भांडवल घातले असते तर त्याच दिवशी करारनामा झाला असता.

भांडवलापेक्षाही मोठे होते ते श्रम. त्या काळी कोरी फिल्म छिद्रांवाचून येई. फिल्मच्या दोन्ही कडांना ठरावीक अंतराने छिद्रे असल्यावाचून ती कॅमेऱ्याच्या वा प्रक्षेपकाच्या दात्यांत बसत नाही. अंतर तसूभर चुकले तरी पडद्यावर चित्र थरथरू लागते. एका फुटात सोळा चौकटी, आणि प्रत्येक चौकटीस दोन्ही कडांना चार चार छिद्रे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. म्हणजे चित्रपटाच्या एकाच प्रतीला पावणेपाच लाखांच्या घरात छिद्रे झाली. मूळ फिल्म निराळी, आणि वाया गेलेली त्याहून निराळी. हे काम अंधाऱ्या खोलीत करावे लागे, कारण फिल्मला उजेड लागला की ती फुकट. फाळके यांनी ही विद्या पत्नीला शिकविली आणि छिद्रे पाडण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. रसायने मिसळणे व फिल्म धुणे यांतही त्या तरबेज झाल्या. आजच्या भाषेत त्यांना तंत्रज्ञ म्हटले असते, पगारही मिळाला असता.

दिवसाचे काम वेगळेच. चित्रण दादरच्या मेन रोडवर, सूर्यप्रकाशात होई. (त्या रस्त्याला पुढे फाळके यांचेच नाव मिळाले.) नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून सरस्वतीबाई उन्हात पांढरी चादर धरून तासन्‌तास उभ्या राहत. साठसत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे, पोशाख धुण्याचे कामही त्यांच्याकडे. मंडळी त्यांना ‘काकी’ म्हणत. सिनेमात काम करतो असे सांगणे नामुष्कीचे असल्यामुळे नटांनी घरी ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहे’ असे सांगावयाचे, अशी युक्ती फाळके यांनी काढली होती. त्या कारखान्याची भटारखाना, धोबीघाट आणि प्रयोगशाळा ही तिन्ही खाती एकाच बाईच्या हाती होती.

तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, तेव्हा फाळके यांनी पत्नीला विचारले. सरस्वतीबाईंनी नकार दिला. इतकी कामे अंगावर असताना आणखी नटीचे काम कोणी करावयाचे, हा त्यांचा सवाल रास्त होता. अखेर एका हॉटेलात दहा रुपये पगारावर स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके पंधरा रुपयांवर तारामती झाले. ते स्वयंपाकघरातून पडद्यावर गेले. काकी स्वयंपाकघरातच राहिल्या. रोहिदासाच्या भूमिकेत मात्र त्यांचा मुलगा भालचंद्र होता. ३ मे १९१३ रोजी ‘कॉरोनेशन’मध्ये चित्रपट लागला आणि फाळके यांचे नाव झाले.

त्यानंतर बिऱ्हाड नाशिकला हलले. घर आणि कारखाना यांत तेथेही भेद नव्हता. १९१४ साली आपले चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथे कौतुक पदरात पडले, पण तेवढ्यात महायुद्ध पेटले. इकडे पैसा लावणाऱ्यांनी हात आखडले आणि कर्ज वाढले. अशा वेळी भागीदार निघून जातात. काकी गेल्या नाहीत. १९१७ च्या ‘लंकादहन’ने पुन्हा दिवस पालटले. त्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या, ही गंमत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

१९१८ साली ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी’ स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे आणि इतर धनिक मंडळी भागीदार म्हणून आली, आणि कलेचा भाग सांभाळणारे भागीदार फाळके झाले. सर्व काही रीतसर झाले. जिच्या दागिन्यांवर मूळ उद्योग उभा राहिला ती मात्र त्या भागीदारांत नव्हती. हा कोणी मुद्दाम केलेला अन्याय होता असे नाही. तसे कोणाच्या मनातच आले नसावे. स्वतः फाळके यांनाही या नव्या व्यवस्थेत करमले नाही. खर्चावरून आणि अधिकारावरून खटके उडू लागले. ‘कालियामर्दन’मध्ये कन्या मंदाकिनी बाळकृष्ण होऊन गाजली त्याच सुमारास वडिलांचे मन कंपनीतून उडाले. ते सहकुटुंब काशीला जाऊन राहिले. १९२२ साली परतले, पण पूर्वीची घडी पुन्हा बसली नाही. बोलपट आला, ‘गंगावतरण’ १९३७ साली निघाला, आणि तोच शेवटचा ठरला.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये दादासाहेब वारले. ज्या धंद्याचा त्यांनी पाया घातला त्यात तोवर लाखोंची उलाढाल होऊ लागली होती. फाळके यांच्या घरात त्यातले काही उरले नव्हते.

‘राजा हरिश्चंद्र’ तयार होण्याची ही सारी धडपड परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या २००९ च्या चित्रपटात मांडली. त्यात सरस्वतीबाईंची भूमिका विभावरी देशपांडे यांनी केली. तारामती होण्यास नकार देणाऱ्या काकी अशा रीतीने, शंभर वर्षे होण्यास थोडाच अवधी उरला असताना, पडद्यावर आल्या.