महाराष्ट्रातील पोलीस गोळीबार व शिस्तभंग नोंदींची उपलब्धता

पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाल्यास संबंधित पोलिसांविरुद्ध फौजदारी तपास आणि विभागीय चौकशी अशा दोन स्वतंत्र कारवाया होऊ शकतात. फौजदारी खटल्याचा निकाल कोणालाही वाचता येतो. विभागीय चौकशीची कागदपत्रे मात्र सेवा अभिलेखाचा भाग म्हणून कार्यालयातच राहतात. ती नागरिकांना कितपत मिळावीत, हा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अंतर्गत वादाचा विषय आहे.

रमाबाई नगर गोळीबार

११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमाव रस्त्यावर आला. राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवून उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरले. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने कदम यांना जन्मठेप सुनावली. पुढे त्यांना उच्च न्यायालयातून जामीन मिळाला.

या घटनेविषयी लोकांना जे कळले, ते प्रामुख्याने आयोग आणि न्यायालय यांच्यामुळे. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ नुसार आयोगाचा अहवाल कार्यवाहीच्या निवेदनासह सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. ही वाट आयोग नेमला गेला तरच खुली होते, आणि बहुतेक गोळीबारांनंतर आयोग नेमला जात नाही.

न्यायालयीन निर्देश

मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ जण मारले गेल्याचे प्रकरण पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने न्यायालयात नेले. २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात १६ निर्देश दिले. प्रथम खबर नोंदवणे, स्वतंत्र तपास, दंडाधिकारीय चौकशी, शस्त्रे तपासणीसाठी जमा करणे आणि दोषी आढळल्यास तातडीने शिस्तभंग कारवाई करणे यांचा त्यांत समावेश आहे. कारवाईचा निकाल जाहीर करण्याबाबत मात्र त्यांत काहीही म्हटलेले नाही.

वैयक्तिक माहितीचा अपवाद

निरीक्षक व त्याखालील पोलिसांवरील शिक्षेची तरतूद महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २५ मध्ये आहे. शिक्षेच्या या नोंदी बंद राहण्यामागचा प्रमुख न्यायनिर्णय मात्र पोलिसांशी संबंधित नाही. अकोल्यातील भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या एका अधिकाऱ्याची सेवाविषयक माहिती गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी मागितली होती. कारणे दाखवा नोटिसा, ज्ञापने व शिक्षेचे आदेश ही वैयक्तिक माहिती असून व्यापक जनहित दाखवल्यासच ती देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी ठरवले. लेखनिकाची रजा आणि शिपायाने झाडलेली गोळी यांच्या नोंदी त्यामुळे एकाच कपाटात जाऊन बसल्या.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली. तिने कलम ८(१)(ञ) मधील जनहिताची कसोटी वगळली; विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती माहिती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे परंतुकही गेले. कलम ८(२) मात्र कायम असून, हानीपेक्षा जनहित मोठे असल्यास प्राधिकरण माहिती देऊ शकते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने नेमकी उलट दिशा धरली: तेथे १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी माणसावर गोळी झाडल्याच्या घटनांचे अभिलेख कायद्यानेच खुले झाले.

सोलापुरातील अर्जप्रक्रिया

सोलापूर शहरासाठी पोलीस आयुक्तालय आणि उर्वरित जिल्ह्यासाठी ग्रामीण पोलीस अधीक्षक कार्यालय अशी दोन वेगळी प्राधिकरणे असल्याने घटना कोणाच्या हद्दीतील आहे हे आधी पाहावे लागते. अर्जाचे शुल्क १० रुपये असून, राज्याच्या २०१२ च्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा व साधारणतः १५० शब्दांपर्यंतचा असावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. नकार आल्यास ३० दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते. ठरावीक वर्षांत किती विभागीय चौकशा झाल्या व कोणत्या शिक्षा दिल्या, एवढेच नावे वगळून मागितले, तर वैयक्तिक माहितीचा आक्षेप घेणे अवघड जाते. कलम १० अन्वये नोंदीचा देण्याजोगा भाग वेगळा करून देता येतो. तपास सुरू आहे एवढ्याच कारणावरून नकार देता येत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंग प्रकरणात २००७ मध्ये म्हटले आहे. माहितीमुळे तपासात अडथळा कसा येईल, हे अधिकाऱ्याने दाखवावे लागते.