ओक्जा आणि क्रमांक ६७०७

पटावर मुलांचे क्रमांक असतात; मी मात्र हजेरी नावानेच घेतो. क्रमांक पुकारला की नुसते 'हजर' ऐकू येते, नाव पुकारले की मूल मान वर करते. बाँग जून-हो या कोरियन दिग्दर्शकाचा २०१७ सालचा 'ओक्जा' हा चित्रपट पाहताना मला याचीच आठवण होत होती.

कथा थोडक्यात अशी. मिरांडो नावाची अमेरिकन कंपनी प्रयोगशाळेत महाकाय डुकरे निर्माण करते, ती निसर्गाचीच देणगी अशी जगाला थाप मारते आणि २६ पिले देशोदेशींच्या शेतकऱ्यांकडे वाढवायला देते. त्यांतले एक कोरियाच्या डोंगरात मीजा या पोरक्या मुलीच्या सोबतीने दहा वर्षे वाढते. त्याचे नाव ओक्जा. मग कंपनी आपला माल परत नेते.

ही सारी कल्पना असे वाटेल; पण ही वाट इतिहासाने आधीच चालून पाहिली होती. अमेरिकन कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधन केंद्रात १९८०नंतरच्या दशकात डुकरांच्या गर्भात मानवी वाढीच्या संप्रेरकाचे जनुक सोडले गेले. थोड्या खाद्यात जनावर भरावे, मांसात चरबी कमी असावी, एवढाच हेतू. चरबी खरोखरच घटली. पण सांधे धरले, पोटात व्रण झाले, जनावरांना धड उभे राहवेना. त्यांतले एक क्रमांक ६७०७ म्हणूनच इतिहासात राहिले.

प्रत्येक फेरफार असा क्रूरच असतो, असे मात्र नव्हे. २०२५ साली अमेरिकेने मान्यता दिलेल्या डुकराचे जनुक बदलले, ते त्याला एका घातक रोगाची बाधा होऊ नये म्हणून. प्रश्न सुईचा नाही. ती कुणाच्या भल्यासाठी टोचली, हा आहे.

शेवटी मीजा आजोबांनी दिलेले सोन्याचे डुक्कर मोजून ओक्जाला कत्तलखान्यातून सोडवते. कुंपणामागे शेकडो बिननावाची जनावरे उरतात. एवढ्यात त्यांतले एक जोडपे आपले पिलू कुंपणाबाहेर ढकलते आणि ओक्जा ते तोंडात लपवते. त्या पिलाला नाव द्यायलाही कुणाला सवड मिळालेली नसते. तरी ते वाचते.

हजेरीचा माझा नियम तिथे मला अपुरा वाटला.