माळ्यावरचा टेपरेकॉर्डर भंगारात देण्यापूर्वी : जुनी ध्वनियंत्रं शोधावी कुठे, पारखावी कशी

घराला रंग काढायचा असो की बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जायची असो, माळ्यावरचं सामान खाली येतंच. त्यात हमखास एक टेपरेकॉर्डर, एखादा बंद रेडिओ आणि बुटाच्या खोक्यात भरलेल्या कॅसेट निघतात. भंगारवाला किलोवर भाव करतो आणि दहा मिनिटांत सगळं हातगाडीवर चढतं. पुढे ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं निघतं, प्लास्टिक वेगळं होतं आणि कॅसेट कचऱ्यात जातात. त्या कॅसेटमध्ये कधी मरहूम दादांचा आवाज असतो, हे नंतर कुणाला तरी आठवतं.

याच भंगारातून जुनी यंत्रं शोधून, दुरुस्त करून वापरणारे शौकीनही बरेच आहेत. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही उपयोगी पडेल अशी ही माहिती.

काय काय सापडतं?

आपल्याकडच्या घरांत साधारण चार पिढ्यांचं सामान असतं. पहिली, चावीचा ग्रामोफोन आणि 78 आरपीएमच्या तबकड्या. दुसरी, व्हॉल्व्हचे लाकडी रेडिओ : फिलिप्स, बुश, मर्फी. मर्फीचा कारखाना तर ठाण्यातच होता. तिसरी, एलपी रेकॉर्ड आणि एचएमव्ही फिएस्टासारखे छोटे रेकॉर्ड प्लेअर. चौथी, कॅसेट. फिलिप्सने कॅसेट 1963 मध्ये बाजारात आणली. आपल्याकडे घराघरांत ती पोचवली आखाती देशांत कामाला गेलेल्या माणसांनी. रत्नागिरी-रायगडच्या गावांत कुवेत, दुबई, सौदीहून आलेला टू-इन-वन दिवाणखान्यात कापड झाकून ठेवलेला असायचा. त्यावर अब्दुल बासित यांची किरात, अझीझ नाझां किंवा शकीला बानो भोपाली यांची कव्वाली वाजायची.

शोधायचं कुठे?

मुंबईत पहिलं नाव चोर बाजारचं. भेंडी बाजाराजवळच्या मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. जुम्याला ती बहुतेक बंद असतात आणि रस्त्यावर जुमा बाजार भरतो. घासाघीस करायची तयारी असेल तर पहाटे जावं. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. याशिवाय धारावी, कुर्ल्याची भंगार गोदामं आणि आपल्या मोहल्ल्यातला रद्दीवाला. त्याला सांगून ठेवलं तर तो वस्तू फोडण्याआधी फोन करतो. किलोच्या भावापेक्षा थोडं जास्त दिलं तर त्याचाही फायदा होतो.

पारख कशी करायची?

* टेप वाजत नाही म्हणजे तो मेला असं नाही. बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा सैल झालेला किंवा काळ्या चिकट डांबरासारखा वितळलेला असतो. तो बदलता येतो.
* आवाजाचं बटण फिरवताना खरखर आली तर बहुधा ती धूळ असते. जळका वास आला तर मात्र विचार करा.
* सेलच्या खणात हिरवट-पांढरा थर दिसला तर सेल गळलेले आहेत. गंज सर्किटपर्यंत गेलाय का ते बघा.
* स्पीकरचा कागद दोन्ही हातांनी हलकेच दाबा. आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल बिघडलेली आहे.
* पितळी भोंगा नवा चकचकीत, खोकं हलकं आणि बिल्ला कोरा दिसला तर तो बहुधा शोभेसाठी जुळवलेला ग्रामोफोन असतो. चावी देऊन तबकडीची एक बाजू, म्हणजे सुमारे तीन मिनिटं, एका गतीने वाजते का ते ऐकूनच पैसे द्या.
* 78 च्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते.

विजेशी मस्ती नको

व्हॉल्व्हच्या रेडिओत 200 व्होल्टच्या वर दाब असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ राहतो. काही जुन्या रेडिओंत ट्रान्सफॉर्मरच नसतो, त्यामुळे आतल्या पत्र्यालाच करंट येऊ शकतो. असा रेडिओ जाणत्या मिस्त्रीकडेच उघडावा. आणखी एक, सौदीहून आलेल्या सेटच्या मागे बऱ्याचदा 110/220 चा खटका असतो. तो 110 वर असताना आपल्या 230 व्होल्टच्या बोर्डात लावला तर सेट जळतो.

कॅसेटमधला आवाज

फोन महाग होता तेव्हा आखातात गेलेले अनेक जण पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. घरून अम्मी, मुलं, शेजारी सगळे बोलून ती परत पाठवायचे. वर लेबल नसलेली कॅसेट म्हणूनच आधी ऐकावी.

टेपवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणकाराला दाखवा. चांगली असेल तर आधी वरच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा. मग हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या ऑडिओ इनपुटला जोडा आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. तुटलेली टेप साध्या चिकटपट्टीने जोडू नका, तिचा गोंद पसरतो. तयार फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

अमानत कुणाची?

भंगारात घेतलेल्या सेटमध्ये कुणाच्या घरच्या आवाजाची कॅसेट, कागद किंवा पैसे निघाले तर? सेट आपण विकत घेतला, पण विकणाऱ्याला माहीतच नव्हतं ते त्याने विकलं असं कसं म्हणायचं? सापडलेल्या वस्तूला फिकहमध्ये लुकता म्हणतात. हदीसमध्ये तिचा वर्षभर पुकारा करण्याचा आणि मालक आला तर परत देण्याचा हुकूम आहे. नेमका मसला मुफ्ती साहेबांना विचारावा. पण रद्दीवाल्याला घर आठवत असेल तर कॅसेट परत पोचवणं आणि कुणाचं खासगी बोलणं व्हॉट्सअॅपवर न फिरवणं, एवढं तर आपल्या हातात आहे. चोरीचा माल आहे असा शक असेल तर स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नये.

टाकायचंच असेल तर

जे खरोखर दुरुस्त होणार नाही ते नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. तांब्यासाठी वायर जाळणं तर बंदच व्हायला हवं. तो विषारी धूर जाळणाऱ्याच्या आणि आसपासच्या पोरांच्या छातीत जातो, आणि या धंद्यात आपलीच माणसं कमी नाहीत.

या रविवारी माळा उघडा. घरातल्या बुजुर्गांना शेजारी बसवा. कॅसेटमध्ये कुणाचा आवाज आहे, हे ओळखणारं माणूस आहे तोवरच ते काम होतं.